वाळवी नियंत्रणाच्या व्यवसायासाठी गूगल अ‍ॅड्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात आमचा वाळवी आणि इतर कीड नियंत्रणाचा छोटा कौटुंबिक व्यवसाय आहे. नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंत गूगलवरील शोध-जाहिरातींचा मजकूर आम्ही स्वतः लिहिला. या काळात एक गोष्ट मनात पक्की झाली : प्रत्येक क्लिकचे पैसे आपल्याला मोजावे लागतात, म्हणून ज्याला आपली सेवा नकोच आहे, त्याला ते जाहिरात वाचूनच कळले पाहिजे.

या जाहिरातीत प्रत्येकी 30 वर्णांपर्यंतची 15 शीर्षके आणि 90 वर्णांपर्यंतची 4 वर्णने देता येतात. त्यांपैकी एका वेळी जास्तीत जास्त 3 शीर्षके व 2 वर्णने दिसतात आणि त्यांची निवड यंत्रणा करते. आम्ही सुरुवातीला ‘मोफत पाहणी’ आणि ‘विनामूल्य पाहणी’ अशी दोन्ही शीर्षके दिली होती. ती शेजारीशेजारी दिसू लागली, तेव्हा कुठे प्रत्येक ओळीने वेगळी माहिती द्यायला हवी हे उमजले. मराठीत तर जागेची फारच ओढाताण होते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, अगदी जोडाक्षरातले हलन्त चिन्हही स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जाते. ‘पुण्यात वाळवी नियंत्रण’ ही वाचताना 10 अक्षरे. मोजणीत मात्र 22 वर्ण होतात.

सर्वांत मोठा फरक ‘खर्च ₹4,000 पासून पुढे’ या शीर्षकाने पडला. क्लिक कमी झाले आणि घरातल्यांना काळजी वाटली. परंतु केवळ दर विचारून फोन ठेवणारेही कमी झाले आणि पाहणीला बोलावणाऱ्यांची संख्या टिकून राहिली. ‘उत्तम सेवा’, ‘विश्वासार्ह’ असे शब्द आम्ही पूर्णपणे काढून टाकले, कारण ते प्रत्येक स्पर्धकाच्या जाहिरातीत असतात. त्याऐवजी भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत भोके पाडून औषध सोडले जाते, हे वर्णनात स्पष्ट लिहिले. भोके पाडण्यास ज्यांची तयारी नसते, ते आता फोनच करत नाहीत, आणि आमची फेरी वाचते.

लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले हे दाखवणारा अहवाल आम्ही दर सोमवारी वाचतो. त्यात ‘वाळवीवर घरगुती उपाय’, ‘पेस्ट कंट्रोल जॉब’, ‘लायसन्स कसे काढावे’ असे शोध सापडले आणि त्यांतील शब्द आम्ही वगळायच्या यादीत टाकले, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधांवर आमची जाहिरात दिसत नाही. ही यादी समानार्थी शब्द ओळखत नाही. ‘जॉब’ वगळला तरी ‘नोकरी’ वेगळा वगळावा लागतो, आणि रोमन लिपीतली रूपे पुन्हा निराळी. हे काम कंटाळवाणे आहे. तरीही मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाबाबत एक सूचना : रोजची मर्यादा ₹600 ठेवली, तरी एखाद्या दिवशी ₹1,200 पर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशोब मात्र रोजच्या मर्यादेच्या 30.4 पटीत (महिन्याचे सरासरी दिवस), म्हणजे ₹18,240 च्या आत राहतो. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये केवळ त्या भागात असलेले लोक निवडावेत, अन्यथा पुण्याविषयी रस असलेल्या दूरच्या व्यक्तीलाही जाहिरात दिसते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती जमतात. ही वाळवीच आहे हे अनेकांना ठाऊक नसते. ते ‘पंखवाले किडे घरात’ असे शोधतात. हे अहवालात दिसताच आम्ही त्या शोधांसाठी स्वतंत्र जाहिरात केली, ‘पंख गळालेले किडे दिसले?’ हे शीर्षक दिले आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानावर गळालेल्या पंखांचे छायाचित्र लावले. त्या पानावरून फोन करणारे बहुतेक जण बोलण्याची सुरुवात त्या छायाचित्रापासूनच करतात.