सायबर सिक्युरिटी ट्रेनिंग घेतलं, पैसे अर्धेच वसूल (५ पैकी ३)

न्हावाशेव्याला आमचं सीएचए (मालाचं कस्टम क्लिअरिंग करणारं) ऑफिस, १४ माणसं. मागच्या वर्षी शिपिंग लाइनच्या नावाने "आमचं बँक अकाउंट बदललंय" असा मेल आला, अकाउंट्सच्या मॅडमनी पावणेदोन लाख भरले आणि ते गेले ते गेलेच. मग शेठनी हे ६ महिन्यांचं ट्रेनिंग घेतलं, महिन्याला कोण फसतंय ते बघायला एक खोटा मेल आणि एक व्हिडिओ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

खोटे मेल भारी बनवतात, कबूल. पहिलाच "डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) रिलीज पेंडिंग", तोही कटऑफच्या (माल पोचवायच्या शेवटच्या वेळेच्या) गडबडीत, पाचजण क्लिक करून मोकळे. मॅडम मात्र सहाच्या सहा पास. अकाउंट नंबरात एक आकडा नवीन दिसला तरी आधी फोन, तोही मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या डायरीतल्या. हे काय व्हिडिओ बघून आलेलं नाही. पण त्याच मॅडमच्या ड्रॉवरमध्ये शेठचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह), पासवर्डच्या चिठ्ठीसकट! चटका बसला तेवढीच जागा जपायची.

आमचे सीनियर काका तर वेगळीच केस. जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या शिपिंग कंपनीची सिस्टिम जगभर बसली, इथलं जीटीआय टर्मिनलपण अडकलं, ते सगळं काकांनी बघितलंय. तो अपडेटमधून आला हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि खरंच आहे, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो सुटला होता. म्हणून काका विंडोजचा अपडेट आला की "नंतर" दाबतात, ३ महिने झाले. अहो पण तो एका मशीनवरून दुसऱ्यावर ज्या भोकांतून शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला! हे काकांना कोणी सांगायचं? व्हिडिओत तर कोणीतरी जॉन विमानतळाच्या वायफायवर बसलेला.

सगळ्यात वाईट म्हणजे क्लिक करणाऱ्यांची नावं रिपोर्टमध्ये, आणि शेठनी तो रिपोर्ट ग्रुपवर टाकला. पुढच्याच महिन्यात आमच्या डॉक्युमेंटेशनच्या पोराने खरोखरची गडबड फाइल उघडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडातून शब्द नाही, मशीन फॉरमॅट मारावी लागली.

रिन्यूच्या वेळी मी सांगितलं, रिपोर्टमधली नावं काढा आणि एक तास मॅडम आणि काकांनाच बोलू द्या, तुमचा माणूस नुसता समोर बसू दे. सेल्सवाला म्हणतो कस्टमायझेशनचे वेगळे पैसे पडतील.