व्हिडिओत काठी टेकत चालणारे आजोबा माझे बाबा आहेत

मागच्या आठवड्यात गुहागरकडून एका ताईंचा फोन आला. ओळख ना पाळख, थेट प्रश्न: "त्या स्टेम सेल उपचाराच्या व्हिडिओत काठी टेकत चालतायत ते आजोबा तुमचे कोण?" बाबा ज्या खळ्यात चालतायत तिथे मागे आमच्या आंब्याच्या पेट्या रचलेल्या दिसतात, आणि पेट्यांवर माझा नंबर छापलेला आहे. तो वाचून त्यांनी फोन लावला होता. त्यांच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलंय, दोन महिने झाले. फोनवर मला जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आमचं गाव देवगड तालुक्यात. फाल्गुनात, हंगामातली पहिली मोठी गाडी वाशीला जायच्या आदल्या दिवशी, बाबांच्या उजव्या हातातून पेंढा गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. आम्ही काय केलं? पाय चोळले, शेजारच्या काकांनी आणलेलं तेल लावलं, दुपारनंतर गाडी शोधली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे हॉस्पिटलात कळलं, तेव्हा नऊ तास उलटून गेले होते. ती चूक आमचीच, तिचं खापर कुणावर फोडत नाही. पण ती टोचणी मनात होती, म्हणूनच पुढचं सगळं आमच्या गळी उतरलं.

दीड महिन्याने एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. बीपी मोफत, शुगर मोफत, वर चहा-बिस्कीट. पांढऱ्या कोटातला एक माणूस (तो डॉक्टर होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही) म्हणाला, "स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, बियाणं समजा. तुमच्याच शरीरातलं बियाणं काढायचं, तुमच्याच शरीरात पेरायचं. अपाय होईलच कसा?" समोर बसलेले निम्मे बागायतदार. माणसाला आपलं गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

मग त्याने एक कात्रण फिरवलं. 2016 चं, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधलं: स्ट्रोक, म्हणजे बाबांसारखा झटका, होऊन गेलेले 18 रुग्ण, पेशी दिल्यावर काहींच्या हातापायांत सुधारणा. बातमी खरी होती, आणि खरी होती म्हणूनच आम्ही फसलो. निव्वळ थाप असती तर वास आला असता. त्या रुग्णांच्या कवटीला भोक पाडून पेशी मेंदूत सोडल्या होत्या, त्याही दुसऱ्या दात्यांच्या, प्रयोगशाळेत बदल केलेल्या, हे मला वर्षभराने कळलं. त्याच पेशींची पुढे मोठी चाचणी झाली आणि 2019 मध्ये निकाल आला, तेव्हा अपेक्षित फरक दिसलाच नाही. आपल्याकडेही दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलच्या पुढाकाराने पाच केंद्रांत 120 रुग्णांवर चाचणी झाली होती. रुग्णाच्याच बोन मॅरोतल्या (हाडातल्या मगजातल्या) पेशी शिरेतून देऊन पाहिल्या. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आला: सहा महिन्यांनी पेशी मिळालेले आणि न मिळालेले रुग्ण सारखेच. बाबांना जे विकलं त्याच्या सख्ख्या भावंडाचा निकाल आधीच लागलेला होता. ते कात्रण कुणी फिरवलं नाही.

भाव सांगितला 3 लाख 40 हजार. एवढी रोकड घरात कुठली? साठ कलमं तीन वर्षांच्या कराराने दिली आणि पैसे आगाऊ घेतले. आई गप्प होती. बाबा जड जिभेने म्हणाले, "कलमां खय जातत? हात येवंदे आधी."

मुंबईजवळच्या त्या केंद्रात कमरेच्या हाडात सुई घालून मोठी सिरिंजभर रक्तासारखं काहीतरी काढलं. दोन-तीन तासांनी तेच 'तयार करून' पाठीच्या कण्यात टोचलं. सह्या बायकोने केल्या, कागद सगळे इंग्रजीत. त्यानंतर 21 दिवस सकाळ-संध्याकाळ व्यायाम. चौथ्या आठवड्यात बाबा काठीला धरून उभे राहिले. आम्ही रडलो, खोटं कशाला सांगू. घरी परतल्यावर त्यांचा माणूस आला, खळ्यात व्हिडिओ काढला, आम्ही हौसेने पेट्याही रचून दिल्या.

मग सुधारणा थांबली. "दुसरं सिटिंग घ्या, सवलत देतो," असा फोन आला. तेव्हा मात्र कागद घेऊन गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "त्याआधी फिजिओथेरपी किती केली होती?" शून्य. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदू बऱ्यापैकी सावरतो, त्याला नियमित व्यायामाची जोड लागते, असं त्या म्हणाल्या. आमच्या तालुक्यात फिजिओथेरपिस्ट एका वेळचे 300 घेतो. दिवसातून दोनदा, 21 दिवस: 12,600 रुपये. हा हिशेब मी परतीच्या गाडीत मोबाईलवर केला आणि बाबांना दाखवला नाही.

पावती काढून पाहिली. तिच्यावर 'पुनर्वसन पॅकेज' लिहिलेलं, स्टेम सेलचा शब्द नाही. त्याचं कारणही आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे उपचार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपुरतेच मान्य आहेत. स्ट्रोकसाठी द्यायचे तर फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. अर्धांगवायू बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला तर 1954 च्या जादूई उपचारांविरुद्धच्या कायद्यानेच बंदी आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. मी गेलोय, पण ती पावती वाटेत आडवी येतेय.

ताईंना म्हटलं, केंद्रवाल्यांकडे सीटीआरआयचा नंबर मागा. चाचणी असेल तर पैसे कसले, तेही विचारा. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण दादा, बाबा चालतायत ना हो व्हिडिओत?"

"चालतात," म्हटलं. "तुम्ही आगाऊ काही दिलंत का?"

"पंचवीस हजार. परवाच."

"पावती?"

"कसली पावती? चिठ्ठीवर लिहून दिलंय त्यांनी."