एक भारी कंडेन्सर माइक की तीन साधे डायनॅमिक माइक? (कोकणातल्या माडीवरून)

आहे तेवढ्या पैशात एकच भारी माइक घ्यावा, की साधे दोन-तीन घेऊन संग्रह हळूहळू वाढवावा? घरी रेकॉर्डिंगची खोली करायला निघालेला प्रत्येकजण इथे अडतो. मी दोन्ही केलंय. आधी भारी घेतला, मग साधे. क्रम उलटा ठेवला असता तर एक अख्खा श्रावण वाचला असता, म्हणून हे लिहितोय.

फँटम पॉवर म्हणजे कंडेन्सरला तारेतूनच द्यावी लागणारी वीज, आणि कार्डिऑइड म्हणजे समोरचं नीट, पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकणारा माइक, एवढं लक्षात ठेवा. माझी जागा मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. घर कुडाळजवळ. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, माडीवर एक खोली. भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्यात, खाली सतरंजी. येणारं काम बहुतेक भजनाचं: बुवा, त्यांची पेटी, पखवाज, झांजा आणि मागे धरायला चार-सहा जण. अधूनमधून कुणाचं अभिवाचन. पैसे फार मिळत नाहीत, चहा मात्र भरपूर जातो.

तर एका बाजूला मोठ्या पडद्याचा एक कंडेन्सर, रोड कंपनीच्या एनटी१ किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०३५ च्या पंगतीतला. दुसऱ्या बाजूला शुअर कंपनीचे साधे डायनॅमिक: दोन एसएम५७ आणि एक एसएम५८. तीन डायनॅमिकचे पैसे थोडे वर जातील, पण ते एकदम काढावे लागत नाहीत. यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा असंही जमतं. रिबन माइक, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेला, या तुलनेत घेत नाही. नाजूक जात आहे, पुढून-मागून सारखंच ऐकते, आणि खराब तारेतून फँटम गेली तर आतली पट्टी जाण्याची भीती. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नये.

आवाजाचं आधी सांगतो, आणि तिथे कंडेन्सरचं पारडं जड आहे हे कबूल करतो. फेब्रुवारीत आईच्या जात्यावरच्या ओव्या धरल्या होत्या. जातं आता फिरत नाही, ती नुसती मांडी घालून बसली आणि म्हणाली. कंडेन्सर हातभर लांब होता. ओवी संपताना ती श्वास आत घेते तो, मध्येच बांगडी किणकिणते ती, सगळं जसंच्या तसं आलं. त्याच ओव्या एसएम५७ वर घेतल्या तर शब्द स्पष्ट होते, पण आई समोर बसली आहे असं वाटेना. पेटीचंही थोडं तसंच. सुरांवर जी बारीक झळाळी असते ती कंडेन्सर उचलतो. डायनॅमिकवर पेटी जरा नाकात बोलते. सतार, तंबोरा, हळू गळ्याचं गाणं, कथावाचन असंच तुमचं काम असेल तर हा लेख अर्ध्यात सोडलात तरी माझी हरकत नाही.

पखवाजावर मात्र उलटा अनुभव. कणकेच्या बाजूला एक एसएम५७, शाईच्या बाजूला दुसरा, चामड्यापासून चार-चार बोटं लांब. थाप अंगावर येते. दोन्ही बाजू वेगळ्या मिळतात, मग डग्गा कमी-जास्त करणं आपल्या हातात राहतं. एकटा कंडेन्सर समोर ठेवला की पखवाज गोड लागतो, पण आहे तो आहे, नंतर काही हलवता येत नाही.

आणि झांजा. भजन रेकॉर्ड करणाऱ्याची खरी परीक्षा झांजेशी असते. छोट्या खोलीत कंडेन्सर लावला की गजर चढला रे चढला, बुवा खाली आणि झांज वर. डायनॅमिक वरच्या टोकाला मुळातच थोडा आखडता हात घेतो, त्यामुळे ती धार बोथट होते. शिवाय तीन माइक असले की झांजवाल्याला बुवांच्या माइकच्या थेट पाठीमागे बसवता येतं, जिथे कार्डिऑइडला सगळ्यात कमी ऐकू येतं. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. डायनॅमिक बाहेरचा आवाज ‘ओढत नाही’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. त्याला तोंडाजवळ धरावं लागतं, म्हणून बाकीचं मागे पडतं. कंडेन्सर तितकाच जवळ धरला तर फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. पण कंडेन्सर घेतल्यावर जवळ धरवत नाही, आणि बुवांची थुंकी त्या सोनेरी पडद्यावर उडताना बघवत नाही, हेही खरंच.

इथवर म्हटलं तर बरोबरी आहे. माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती.

आमच्याकडे कामाचा हंगाम म्हणजे श्रावण. भाताची लावणी उरकलेली असते, माणसं संध्याकाळी मोकळी होतात, आणि प्रत्येक मंडळाला गणपतीच्या आधी आपला गजर, आपली गौळण मोबाइलवर फिरायला हवी असते. म्हणजे वर्षातलं बहुतेक रेकॉर्डिंग नेमकं त्या दिवसांत, जेव्हा टॉवेल तीन दिवस वाळत नाही आणि मीठ बरणीत पाझरतं.

त्या वर्षी नवा कंडेन्सर आणून चारच महिने झाले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता असंच माझं मत आहे. रात्री नऊला मंडळी जमली. पहिला अभंग छान गेला. दुसऱ्यात बुवांनी आलाप सुरू केला, पखवाज थांबला होता, आणि हेडफोनमध्ये बारीक चरचर. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. आधी वाटलं कौलांवरचा पाऊस. मग वाटलं तार. एक तार बदलली, दुसरी बदलली, तिसरी शेजाऱ्याकडून आणली. इंटरफेसचं, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचं, दुसरं भोक वापरलं. फ्रीज बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, शेवटी कंदील लावून बसलो. चरचर तशीच, मध्येच टप्पकन एक ठोका. बुवा शांतपणे म्हणाले, “मास्तरानु, तुमचो माइक पन झांज वाजयता काय?” साडेअकराला मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऊन पडलं, माइक लावला, एकदम स्वच्छ. संध्याकाळी परत चरचर.

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर सोपं वाटलं. कंडेन्सरच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, सोन्याचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्या मागे केसभर अंतरावर धातूची चकती. दोघांमध्ये साधारण चाळीस-साठ व्होल्टचा विद्युतभार टिकवून ठेवलेला असतो. पडदा हलला की त्या भारातून सही-सही आवाज उमटतो. भार टिकायचा तर मधली जागा पूर्ण कोरडी हवी. दमट हवेत धुळीच्या कणांवर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि भार तिथून थोडा-थोडा गळायला लागतो. ते गळणं म्हणजेच चरचर. वर गाणाऱ्याच्या श्वासाची वाफ आहेच. डायनॅमिकमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं, बस. जपायला भारच नाही, तर गळणार काय?

उपाय केले. सिलिका जेलच्या पुड्या आणल्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे, हे आमच्या स्वयंपाकघरात अजून चालू आहे. हवाबंद डब्यात माइक, कपाटात चाळीसचा बल्ब, फोटोग्राफर लोक भिंगांसाठी करतात तसं. रेकॉर्डिंगच्या अर्धा तास आधी फँटम चालू करून ठेवायची, म्हणजे आतली वस्तू जरा ऊबदार होते. एकाने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं होतं. ते करू नका, तांदळाची पूड जाळीतून आत जाते. या सगळ्याचा उपयोग होतो. डब्यातून काढलेला माइक तासभर नीट चालतो. पण भजन तासात संपत नाही. दर गाण्यानंतर बुवांना थांबवून माइक बल्बखाली शेकायला नेणारा माणूस मी एकदा होऊन पाहिलाय. परत व्हायचं नाही.

दमटपणाला दाद न देणारे कंडेन्सरही असतात, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. सेनहायझरची एमकेएच मालिका रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालते आणि ओल्या हवेत टिकते, म्हणून जंगलात, पावसात काम करणारे ध्वनिमुद्रक ती वापरतात. तिची किंमत बघितली की मात्र आपल्या बजेटची लगेच आठवण होते.

गणपतीला तीन आठवडे उरले असताना एका मित्राचा एसएम५७ उसना आणला. हा माइक १९६५ साली बाजारात आला, आणि घडण तेव्हापासून जवळपास तीच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ज्या भाषणमंचावर उभे राहतात तिथे कित्येक दशकं याचीच जोडी असते. मी तो बुवांच्या तोंडासमोर चार बोटांवर धरला, वर स्पंजाची टोपी चढवली, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना चार गाणी एका बैठकीत झाली. आवाजात कंडेन्सरची झळाळी नव्हती. पण आवाज होता, आणि नुसता बुवांचाच होता.

त्याची अडचणही सांगतो. तेवढ्याच आवाजाला (एका पास्कलच्या दाबाला) एनटी१-ए सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो, एसएम५७ दोनच्याही आत. म्हणजे गेन, माइकचा बारीक आवाज मोठा करायचं प्रमाण, भरपूर वाढवावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस शेवटच्या टप्प्यात सुस्कारे टाकायला लागतो. पट्टी वरची ठेवून गाणाऱ्या बुवांपुढे आणि पखवाजापुढे हा प्रश्न येतच नाही. हळू वाचणाऱ्या कुणासाठी येतो. याच कारणाने शुअरच्याच एसएम७बी या महागड्या डायनॅमिकच्या मोहात पहिल्यांदाच पडू नये असं मला वाटतं. माइक उत्तम आहे, पण त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन लागतो, मग त्याच्यासाठी आवाज वाढवणारा वेगळा प्रीअँप घ्यावा लागतो. उलट एनटी१-ए सारखे कंडेन्सर वापरणारे, माइकचा स्वतःचा गोंगाट फक्त पाच डेसिबल म्हणून मिरवतात. ते खरं आहे, पण कौलांवर श्रावण कोसळत असताना त्या पाच डेसिबलचं मी काय करू?

डायनॅमिकला ओलाव्याचं अगदीच काही होत नाही असंही नाही. आतल्या स्पंजाला सप्टेंबरपर्यंत कुबट वास येतो. एसएम५८ ची जाळी फिरवून काढायची, साबणाच्या पाण्यात धुवायची, पूर्ण वाळवून परत लावायची. तार जिथे जोडतो त्या एक्सएलआर जोडाच्या पिना काळवंडतात, त्या पुसायच्या. बाकी काही नाही. खरेदी करताना मात्र पावती बघा. एसएम५८ च्या नकला इतक्या हुबेहूब असतात की वजनानेही चटकन कळत नाही.

तुम्ही पुण्यात, नाशकात, नागपुरात असाल, खोलीत एसी असेल, तर माझं हे रडगाणं तुम्हाला लागू नाही. एसी हवा कोरडी करतोच. तिथे मी कदाचित कंडेन्सरच आधी घेईन. कदाचित. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजामुळे एसी-पंखा बंद ठेवायचा, तर तसा मे महिन्यात गाणारा माणूस मिळायला हवा, हा आणखी वेगळा विषय. पण मुंबई, ठाणे, रायगडपासून खाली गोव्यापर्यंत, आणि काम बैठकीचं, चार माणसांचं असेल, तर माझ्या मते एसएम५७ पासून सुरुवात करावी. मग दुसरा ५७. मग गाणाऱ्यासाठी ५८, कारण त्याला हातात धरायची सवय असते आणि ५८ च्या गोल जाळीमुळे ‘प’ आणि ‘फ’ कमी फुटतात. मोठा कंडेन्सर चौथा, आणि तो दिवाळीनंतर घ्यावा, म्हणजे निदान सहा-सात महिने तो सुखाने वापरून होतो.

माझा आहे अजून. विकला नाही, आईच्या ओव्यांसाठी ठेवलाय. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास डब्यातून बाहेर येतो, मृग लागला की परत आत. वापरलेला कंडेन्सर कुणाकडून घेणार असाल तर एक करा: जुलैत जा, संध्याकाळी जा, आणि हेडफोन लावून अर्धा तास नुसती शांतता ऐका.