गोधडी, शिवणवर्ग आणि दोऱ्याची निवड : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या नाशकातल्या एका कापड दुकानाच्या माडीवर गोधडी आणि रजईकामाचा वर्ग भरतो. गेल्या आषाढात मी त्यात नाव नोंदवले. आठ शनिवार, दर वेळी अडीच तास आणि शुल्क २४०० रुपये; सरावाचे कापड त्यात धरलेले होते, दोरा मात्र आपला आपण घ्यायचा होता. वर्ग संपला त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर केवळ कौतुकच लिहून झाले असते. परंतु गोधडीची परीक्षा ती शिवून झाली त्या दिवशी होत नाही, ती अंगावर घेऊन एक थंडी काढावी लागते आणि दहा-पंधरा वेळा धुवावी लागते. आता ते दोन्ही झाले आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मला शिवणकाम येत होते. घरी सासूबाईंचे काळे पायमशीन आहे आणि परकर, उशीचे अभ्रे, पडदे मी गेली वीस वर्षे त्याच्यावर शिवत आले आहे. तरीही पहिल्या दोन शनिवारांत लक्षात आले की तुकडे जोडण्याचे काम वेगळ्या जातीच्या काटेकोरपणाचे आहे. अभ्र्याची शिवण एखादे सूत आत-बाहेर झाली तर कोणाला कळत नाही. इथे शिवणीसाठी पाव इंच म्हणजे पाव इंचच सोडावा लागतो. वर्गाच्या बाईंनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला तो अजून माझ्या वहीत आहे : एका ओळीत नऊ चौकोन असतील तर आठ शिवणी येतात, प्रत्येक शिवणीत दोन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यावर अर्धे सूत जास्त गेले तर एका शिवणीमागे एक सूत कमी होते. आठ सूत म्हणजे पूर्ण इंच. माझी पहिली ओळ शेजारणीच्या ओळीपेक्षा बरोबर तेवढीच आखूड भरली होती. त्यानंतर मी मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर कागदी चिकटपट्टीचे चार थर लावून कड तयार केली, आणि ती आजतागायत काढलेली नाही.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापायचे, हे सर्वांना माहीत असते. पण का, हे बाईंनी नीट समजावले. मांजरपाट आणि केंब्रिक ही दोन सुती कापडे सारखी आटत नाहीत, आणि न धुतलेले दोन्ही एका गोधडीत गेले तर पहिल्याच धुण्यात एक बाजू चुण्या धरते. उभा धागा, आडवा धागा आणि तिरका धागा यांचा फरक हाताने ताणून ओळखण्याचा सराव अर्धा तास चालला. त्या अर्ध्या तासाचा उपयोग मला कडेची पट्टी लावताना झाला, कारण गोलाईवर तिरक्या धाग्याची पट्टीच निमूटपणे वळते.

मात्र या वर्गातून मला सर्वांत मोलाचे काय मिळाले असे कोणी विचारले, तर मी दोरा असे उत्तर देईन. वीस वर्षे मी दुकानात जाऊन फक्त रंग सांगत होते. दोऱ्याला जात असते, जाडी असते, आणि कापडाशी त्याचे जुळावे लागते, हा विचारच कधी केला नव्हता.

दुकानात गल्ल्यामागे लाकडी खणांचे कपाट आहे. वरच्या खणांत पॉलिस्टरची रिळे, मधल्यात सुती, खालच्यात भरतकामाच्या लड्या आणि चमकदार रेयॉन. तिसऱ्या शनिवारी बाईंनी प्रत्येकीला चार प्रकारच्या दोऱ्यांचे वीतभर तुकडे दिले आणि ते चिमट्यात धरून जाळायला लावले. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. रेयॉन मुळात लाकडाच्या लगद्यासारख्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून होत असल्याने सुतासारखाच जळतो, त्यामुळे त्या दोघांतला फरक या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी दोरा ओला करून तोडून पाहावा. ओले झाल्यावर सूत अधिक बळकट होते, रेयॉन मात्र कमजोर होते. रोजच्या वापराच्या, धुवायच्या गोधडीला रेयॉन का नको, याचे उत्तर एवढ्यात मिळते.

त्यानंतर रिळावरच्या आकड्यांची गोष्ट. सुती रिळावर ४० किंवा ५० असा आकडा असतो. मेट्रिक पद्धतीने ४० म्हणजे त्या दोऱ्याचे ४० किलोमीटर भरले की एक किलो वजन होते, आणि ५० म्हणजे ५० किलोमीटर. एका किलोत जितका लांब दोरा बसेल तितका तो बारीक, म्हणून आकडा वाढला की जाडी कमी होते. पॉलिस्टरच्या रिळावर १२० लिहिलेले असते, आणि तो फार बारीक असावा असा माझाही वर्षानुवर्षे समज होता. या आकड्याला तिकीट क्रमांक म्हणतात आणि तो तीन पदर धरून मोजलेला असतो, त्यामुळे १२० ला तीनने भागले की ४० येतात. म्हणजे दोघांची जाडी जवळपास सारखीच. काही रिळांवर ४०/२ असेही असते, तिथे दुसरा आकडा पदरांचा असतो आणि पहिला बहुधा इंग्रजी पद्धतीचा, म्हणून ते ४० आणि हे ४० एक समजू नयेत. हे कळल्यापासून मी रीळ हातात घेऊन आधी तळाची चिठ्ठी वाचते, रंग नंतर पाहते.

सुती दोऱ्यातही मर्सराइज्ड आणि साधा असे दोन प्रकार येतात. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली आणि १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यांच्या नावावरूनच हा शब्द आला. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी प्रक्रिया करताना सूत ताणून धरले, तेव्हा त्याला बळकटीबरोबर चमकही आली. दुकानात दोन्ही रिळे शेजारी ठेवून पाहिली तर फरक डोळ्यांना दिसतो : साध्या दोऱ्यावर बारीक लव असते, मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असतो. ती लव मशीनच्या बॉबिनखाली साठते. साध्या दोऱ्याने एक दुपार शिवल्यावर मी झाकण काढले तेव्हा आत करड्या कापसाचा थर बसलेला होता. आता दर दोन बॉबिननंतर ब्रशने साफ करते आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडते.

आता मुख्य प्रयोगाविषयी. वर्गातली नऊ चौकोनांची लहान रजई झाल्यावर मी आजीची दोन जुनी सुती नऊवारी घेऊन गोधडी शिवायला घेतली. ती लुगडी चाळीस वर्षे वापरून इतकी मऊ झालेली होती की बोटांत धरली तर धरल्यासारखे वाटू नये. कोणता दोरा टिकेल याविषयी वर्गात मते वेगवेगळी होती, म्हणून मी एकाच गोधडीचे चार पट्टे आखले आणि चार दोऱ्यांनी हाताने धावदोरा घातला : एका पट्ट्यात साधा सुती, दुसऱ्यात ४० क्रमांकाचा मर्सराइज्ड सुती, तिसऱ्यात १२० क्रमांकाचा पॉलिस्टर आणि चौथ्यात भरतकामाच्या सहापदरी लडीतले दोन पदर.

या कामात मला वर्गातल्या एका मावशींची फार मदत झाली. त्या सत्तरी ओलांडलेल्या असून माहेरी निफाड भागात लहानपणापासून वाकळा शिवत आल्या आहेत. मशीन शिकायचे म्हणून वर्गाला येत होत्या. बाईंनी मशीनसाठी शिकवलेला नियम असा होता की मधून सुरुवात करून कडेकडे जायचे. मशीनचे दाते खालचा थर ओढतात, वरचा फूट वरचा थर पुढे ढकलतो, आणि त्या ओढाताणीत साठलेली सैल जागा कडेने बाहेर पडावी लागते. म्हणूनच तीन थर मुठीमुठीच्या अंतराने सेफ्टी पिनांनी टाचून घ्यायचे. मी हातशिलाईलाही तोच नियम लावू लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, “अगं, हातानं शिवताना आधी कड बांधून घे. कड बांधली की आतलं कुठं पळतंय?” त्या जमिनीवर लुगडी अंथरून, चारही कडा दुमडून, बाहेरून आत चौकोनात चौकोन घेत जातात. सुईने शिवताना ढकलणारे काही नसते, हातानेच थर सपाट करत जाता येते, त्यामुळे हीच पद्धत सोयीची ठरते. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्याही कडेपासून आत येतात. मी मावशींच्या पद्धतीने शिवली आणि पाच आठवड्यांत एकही चुणी न पडता गोधडी पूर्ण झाली.

दोरा हातभरच घ्यायचा, हेही मावशींचेच सांगणे. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, अंदाजे अठरा इंच. त्याहून लांब घेतला की तो कापडातून जास्त वेळा ओढला जातो, झिजतो आणि गुंततो. सुती दोरा मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घेतला तर गाठी निम्म्याने कमी होतात असा माझा अनुभव आहे. सुई आखूड घ्यावी, आणि मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याचा कंटाळा करू नये.

ही गोधडी मार्गशीर्षापासून रोज वापरात आहे आणि आतापर्यंत चौदा वेळा धुतली, बहुतेकदा हाताने, चार वेळा यंत्रात. साध्या सुती दोऱ्याच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी दोरा तुटला. तो पुन्हा घालता आला, कापडाला काही झाले नाही. पॉलिस्टर एकाही ठिकाणी तुटला नाही, परंतु त्याच पट्ट्यात लुगडे टाक्याच्या रेषेवर तीन ठिकाणी विरले, आणि विरलेले लुगडे परत आणता येत नाही. मर्सराइज्ड सुती दोरा दोनच ठिकाणी तुटला आणि कापडही शाबूत राहिले. लडीच्या दोन पदरांनी टिकाव चांगला धरला, शिवाय टाके उठून दिसतात, पण एका लडीत साधारण आठ मीटरच दोरा येत असल्याने मोठ्या गोधडीला तो खर्चाचा होतो. एकाच गोधडीवरून सर्वांसाठी नियम काढणे योग्य नाही, हे मला ठाऊक आहे; त्या पट्ट्यातले लुगडे आधीच अधिक झिजलेले असू शकते. तरीसुद्धा जुन्या मऊ कापडावर कापडापेक्षा बळकट दोरा घालू नये, या मतापर्यंत मी आले आहे. नव्या केंब्रिकच्या रजईवर पॉलिस्टरने काहीही बिघडलेले नाही, आणि मुलांच्या दुपट्यांसाठी मी तोच वापरते.

सुईविषयी थोडक्यात : सुईवरचा ८० हा आकडा तिची जाडी ०.८ मिलिमीटर असल्याचे सांगतो. दोन थरांना ८० पुरते, तीन थर आणि कडेची पट्टी आली की ९० लावावी.

आता दुकानाच्या उणिवा. वर्गात आम्ही बारा जणी होतो आणि मशीन चारच. अडीच तासांतला निम्मा वेळ वाट पाहण्यात जात असे, आणि हे शुल्क घेताना सांगितले गेले नव्हते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. रजईच्या मधला थर मला शुद्ध कापसाचा म्हणून विकला गेला. दुकानातच शिकलेली जाळण्याची परीक्षा घरी केली तेव्हा टोकाला मणी आला. मी तो तुकडा घेऊन गेले, त्यांनी वाद न घालता उरलेला थर बदलून दिला; पण जो आधीच शिवला गेला होता तो तसाच राहिला, आणि एप्रिलच्या उकाड्यात ती रजई अंगावर घेववत नाही. तिसरे म्हणजे, पक्क्या रंगाचे म्हणून दिलेल्या मरून केंब्रिकचा रंग शेजारच्या पांढऱ्या चौकोनांना लागला. पांढरी चिंधी ओली करून कापडावर घासून पाहायची, ही खबरदारी मी त्या वेळी घेतली नाही, आता प्रत्येक गडद कापडाला घेते. मर्सराइज्ड सुती दोऱ्याच्या छटाही तिथे मोजक्याच असतात. मोतिया रंगाचे रीळ दोनदा संपलेले मिळाले, आणि तिसऱ्यांदा आलेले थोडे पिवळट निघाले. मोठे काम असेल तर सगळी रिळे एकाच वेळी घ्यावीत.

एवढे असूनही मी या वर्गाला पुन्हा नाव दिले आहे, ते बाईंच्या शिकवण्यामुळे. त्या चूक उसवायला लावतात, आणि उसवताना शेजारी बसतात. ज्यांना शिवण मुळीच येत नाही त्यांनी मात्र आधी सरळ टीप घालण्याचा महिनाभर सराव करून जावे, नाहीतर पहिले तीन शनिवार मशीनशी ओळख करून घेण्यातच जातील.

सध्या मावशींची एक इरकली आणि माझ्या आईची दोन पातळे धुऊन, घड्या घालून तयार आहेत. इरकलीचा काठ रंग सोडतो का हे दोनदा पाहून झाले आहे, मोतिया रंगाची सहा रिळे एकदमच आणली आहेत, आणि या वेळी पूर्ण गोधडीला ४० क्रमांकाचा मर्सराइज्ड दोराच घालणार आहे.