लिंग्वा लिब्रे: कोरकू बायांच्या आवाजासाठी लय कामाचं, पाचपैकी चार स्टार

मी धारणी तालुक्यात बचत गटाचं काम करते. आमच्या कोरकू आज्यांना मोहफुलापासून कुटकी-साव्यापर्यंत सगळ्याची नावं पाठ, पण लिहिलेलं काहीच नाही, म्हणून लॅपटॉपवर लिंग्वा लिब्रे वापरून पाहिलं. शब्दांचे उच्चार आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची ही वेबसाइट आहे, विकिमीडिया फ्रान्सवाल्यांनी (विकिपीडियाच्या चळवळीतली फ्रान्समधली संस्था) बनवलेली, एकदम फुकट.

शब्दांची यादी टाकायची, माइक चालू करायचा, एक शब्द बोलून झाला की पुढचा आपोआप समोर येते. चुकलं तर परत बोला. अन् मला सगळ्यात आवडलं ते हे की एकाच अकाउंटवर वेगवेगळे बोलणारे जोडता येतात, म्हणजे आजीला ईमेल-पासवर्डच्या भानगडीत पाडायची गरजच नाही बाप्पा! वाचता येत नसलं तरी चालते, मी मराठीत विचारते, आजी कोरकूत सांगते. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे 7 लाखांच्या वर होते, अन् ही भाषा मुंडा कुळातली, संथाळीची बहीण, शेजारच्या गोंडीशी नातं नाही. हे ऐकून पोरी चकित झाल्या.

एक स्टार कापला कारण अपलोडला चांगलं नेटवर्क लागते, अन् आमच्याकडं ते टेकडीवर जाऊन शोधावं लागते.

एक महत्त्वाचं, रेकॉर्डिंग खुल्या लायसन्सवर विकिमीडिया कॉमन्समध्ये (फोटो-आवाजांचा खुला ऑनलाइन साठा) जाते, कोणीही वापरू शकते. म्हणून जडीबुटीचं कोणतं सांगायचं, कोणतं घरातच ठेवायचं, हे आधी बायांनाच ठरवू द्या. आमच्या आज्यांनी रानभाज्यांची नावं दिली, औषधं नाही दिली. मी पण आग्रह केला नाही.