१ वॅट सांगून पाव वॅटचे रेझिस्टर माझ्या गळ्यात मारले, तुम्ही तपासून घ्या

फोंड्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मिक्सर, पंखे येतात, पण मुख्य काम अँप्लिफायरचं. देवळांची, भजनी मंडळांची, नाटकवाल्यांची मशीनं माझ्याकडे असतात. गेल्या आषाढात मी फसलो आणि माझ्यामुळे एका गावाचा सप्ताह खोळंबला. गेलेले पैसे फार नाहीत. पण तसलीच पाकिटं आणखी दुकानांत पोचली असणार, म्हणून लिहितोय.

तो माणूस बॅग घेऊन येणारा होता. आधी दोनदा येऊन गेलेला, तेव्हा घेतलेले फ्यूज आणि पिना चांगल्या निघाल्या होत्या. या खेपेला त्यानं रेझिस्टरचा, म्हणजे सर्किटमध्ये वीज अडवणाऱ्या बारीक भागांचा, डबा उघडला. निळ्या अंगाचे, ५ पट्ट्यांचे, पाकिटावर ‘मेटल फिल्म, १ वॅट, १ टक्का’, म्हणजे आत धातूचा पातळ थर, १ वॅट उष्णता सोसणारा, मापात चूक १ टक्क्याच्या आत. दहा व्हॅल्यू, प्रत्येकी १०० नग, सगळे मिळून १,८०० रुपये. चवथीच्या आधी मशीनांची रांग लागते, बेळगावहून माल यायला वेळ होता.

मी विचारलं, “भाऊ, १ वॅटचा रेझिस्टन्स एवढासा?”

“दादा, आता सगळं स्मॉल साइजमध्ये येतं. नवीन बोर्डं उघडून बघा.”

इथेच मी अडकलो, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. साधा १ वॅटचा रेझिस्टर ११-१२ मिलिमीटर लांब असतो आणि पाव वॅटचा ६ च्या आसपास. पण चांगल्या कंपन्या खरोखरच पाव वॅटच्या अंगात १ वॅट बसवतात. अशा मालासोबत डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, असते, वॅट किती तापमानापर्यंत धरायचा ते त्यात दिलेलं असतं. मी डेटाशीट मागितली नाही. बिलही नाही, कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला.

नवीन शिकणाऱ्या पोरांना मी एक गोष्ट आता पहिल्याच दिवशी सांगतो. निळा, करडा, काळा, काळा, तपकिरी हे पट्टे वाचले की कळतं ६८० ओहम, १ टक्का. त्यात वॅट कुठेच नाही. रंग ओहम, म्हणजे वीज किती अडवणार ते, सांगतो आणि चूक किती धरायची ते सांगतो. किती उष्णता सोसेल हे अंगाच्या मापावरून, बनावटीवरून आणि विकणाऱ्याच्या शब्दावरून धरावं लागतं. ओहममध्ये फसवलं तर मीटर लगेच पकडतो, म्हणून फसवणारा वॅटमध्येच फसवतो.

श्रावणात शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचं मशीन आलं. पॉवर सप्लाय ३६ व्होल्टचा, त्यातून व्होल्ट १५ वर धरून ठेवणाऱ्या झेनरनं प्रीअँपला, म्हणजे माइकचा बारीक आवाज आधी वाढवणाऱ्या भागाला, वीज दिलेली. मध्ये ६८० ओहमचा रेझिस्टर, तोच जुना होऊन गेलेला. हिशेब सोपा आहे. ३६ मधून १५ गेले, २१ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. २१ गुणिले २१ म्हणजे ४४१, भागिले ६८०, सुमारे ०.६५ वॅट. १ वॅटचा चालतो, मी नवीन पाकिटातला घातला. अर्धा तास माइक लावून बघितलं. जरासा वास आला होता, तो सोल्डरिंगच्या फ्लक्सचा समजून मी झाकण बसवलं.

सप्ताह म्हटलं तरी ते २४ तासांचं अखंड भजन. एका पथकाचं भजन संपायच्या आत दुसरं उभं राहतं, मशीन बंद करायला सवड नसते. मध्यरात्रीनंतर, चढत्या लयीत गजर चालू असताना, माइक गेला. कर्ण्यातून नुसती बारीक घरघर. टाळ-पखवाजावर बिनमाइकचं भजन चालू ठेवून लोकांनी मला फोन केला. मी पोचलो, झाकण काढलं. रेझिस्टरचा निळा रंग जाऊन कोळसा झाला होता, खालचा बोर्ड रुपयाएवढा तपकिरी. मीटर लावला, ओपन, म्हणजे आतून तुटलेला.

बुवा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुझ्यावर भरवसा ठेवून आणलं होतं रे मशीन.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या रात्री दोन ३३० ओहमचे जुने, लठ्ठ रेझिस्टर एकापुढे एक जोडून मशीन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि ते पाकीट घेऊन बसलो. बेंच सप्लायवर २६ व्होल्ट लावले, म्हणजे ६८० ओहमवर जवळजवळ १ वॅट. माझ्या जुन्या डब्यातला खात्रीचा १ वॅटचा बोट लावू देईना इतका तापला, पण रंग जागेवर, थंड झाल्यावर ६७९ ओहम. नुसता तापतो म्हणून रेझिस्टर खोटा ठरत नाही, हे ध्यानात असू द्या. पाकिटातला पाचव्या मिनिटाला धुरायला लागला, पट्टे तपकिरी झाले, थंड झाल्यावर ७४१.

मग नवे दहा मोजले. १ टक्का म्हणजे ६७३ ते ६८७ च्या आत हवेत. माझे ६५८ पासून ६९८ पर्यंत पसरलेले. हे ५ टक्क्यांच्या मालाचं लक्षण. मेटल फिल्म तरी आहे का? यासाठी एक सोपी परीक्षा आहे. मीटरच्या पिना लावून ठेवायच्या आणि रेझिस्टरच्या पायाला गरम सोल्डरिंग आयर्न टेकवायची. मेटल फिल्मचा आकडा जेमतेम हलतो. कार्बन फिल्मचा, म्हणजे आत कार्बनचा थर असलेल्या स्वस्त मालाचा, मात्र गरम होताच घसरतो. माझ्यासमोर आकडा ६७६, ६७०, ६६१ असा उतरत गेला. ब्लेडनं निळा रंग खरवडला तर खालून काळं निघालं, ते बोटाला लागलं. ५ टक्क्यांचा पाव वॅट कार्बन फिल्म, निळा रंगवून पाच पट्टे मारलेला.

पायही लोखंडी होते. लोहचुंबक लावून बघणारे एक चूक करतात. चांगल्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांच्या टोप्याही लोखंडाच्या असतात, त्यामुळे अंगाला चुंबक चिकटणारच. पायाच्या टोकाला लावून बघा. लोखंडी पाय म्हणजे लगेच फसवणूक नव्हे, स्वस्त मालात ते असतात. पण छोट्या अंगातली उष्णता पायांतूनच बोर्डात जायची असते आणि तिथे तांबं लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर ऑगस्टपर्यंत त्या पायांच्या कापलेल्या टोकांवर तांबूस गंज दिसू लागला होता.

त्या माणसाचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण बिलच नाही तर तक्रारीला पुरावा काय दाखवू?

आता मी हिशेबात निघालेल्या वॅटच्या दुप्पट धरतो. त्या सर्किटला २ वॅटचा मेटल ऑक्साइड घातला, बोर्डापासून ५ मिलिमीटर वर उचलून, खालून हवा खेळेल असा. पेटीच्या आतली गरमीही मोजा. बहुतेक रेझिस्टरवरचा वॅट ७० अंशांपर्यंतच पूर्ण मिळतो, पुढे उतरत जातो. आणि कोणताही नवा माल आला की त्यातला एक जाळून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या मशीनला लावत नाही.

वहीवरून काढलं तर तो माल १७ मशीनांत गेला होता. चवथीपर्यंत १४ परत बोलावून पैसे न घेता बदलून दिली. ३ जणांचे नंबर लागत नाहीत. आषाढ-श्रावणात फोंड्यात कुणाकडून मशीन दुरुस्त करून नेलं असेल आणि आत निळे, बारीक रेझिस्टर दिसले, खाली बोर्ड तपकिरी पडायला लागला असेल, तर ते चालू ठेवू नका, घेऊन या.