ऐकणाऱ्याचंही ट्रान्स्क्रिप्शन: दोन कॅमेरे आणि ईलॅन, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, मुलाखतीत कोण काय म्हणालं एवढंच हवं असेल तर दोन कॅमेरे लावून हालचालीही लिहून काढायच्या या भानगडीत पडू नका. फोनवरचं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. ऐकणारा माणूस ऐकताना काय करतो हे बघायचं असेल तरच पुढे वाचा.

एका कॅमेऱ्याने भागत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांना बाजूने टिपलं की माना दिसतात, नजर कळत नाही. म्हणून दोन कॅमेरे, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक, आणि सुरुवातीला एक टाळी. नंतर ईलॅन या व्हिडिओवर टिपणं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या टाळीवर दोन्ही व्हिडिओ जुळवता येतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. प्रत्येकाच्या बोलण्याला, नजरेला, मानेला वेगळी टिअर, म्हणजे व्हिडिओखाली टिपणांची वेगळी ओळ, लावता येते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे मान हलायला कुठे लागली ते तेवढ्या बारकाईने सांगता येतं.

लिहायला संभाषणाची अभ्यासक गेल जेफरसनची चिन्हं घेतली. एकाच वेळचं बोलणं चौकटी कंसात, विराम सेकंदाच्या दशांशात, लांबवलेला स्वर विसर्गासारख्या दोन टिंबांनी. आवाजाला ही पद्धत तोडीस तोड आहे. पण मूक होकार त्यात मावत नाही, तिथे हालचाली लिहिण्यासाठी संभाषणाचीच अभ्यासक लोरेंझा मोंडाडाची पद्धत लागते: हालचालीची तयारी टिंबांनी, ती टिकून असेपर्यंत आडव्या रेघा, मागे घेणं स्वल्पविरामांनी, सगळं बोलण्याच्या ओळीखाली. पहिले काही आठवडे पान बघून डोळे फिरतात.

पण फायदा खरा आहे. माझ्या एका तुकड्यात सांगणारी बोलताबोलता समोर बघते, त्याच क्षणी ऐकणारीचा ‘हं’ येतो आणि लगेच सांगणारीची नजर पुन्हा बाजूला जाते. मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नजरेची अशीच खिडकी दाखवली होती. नुसतं ऑडिओ ऐकताना तो ‘हं’ मला उगाचच टाकलेला वाटायचा. मान डोलावणं आणि हुंकारही एक नव्हेत. गोष्ट चालू असताना हुंकार ‘कळतंय, पुढे सांग’ एवढंच म्हणतो, मान डोलावणारा सांगणाऱ्याच्या भावनेतही सामील होतो, असं संभाषणाची अभ्यासक टान्या स्टायव्हर्सने 2008 मध्ये मांडलं. माझे तुकडे बघून मला ते बरंचसं पटलं, मात्र नुसत्या सवयीने डोलणाऱ्या माना कशा वेगळ्या काढायच्या हा प्रश्न उरतोच.

आपोआप ट्रान्स्क्रिप्शन करून देणारी एक सेवाही वापरून पाहिली. मजकूर झकास, पण सगळे ‘हं’, ‘अच्छा’, ‘हो का’ कचरा समजून गाळलेले! मला हवं होतं तेच गेलं. ढोबळ मसुद्यापुरती ती ठीक, हुंकार हातानेच भरावे लागतात.

वेळ प्रचंड जातो. मिनिटभराच्या तुकड्याला अख्खी दुपार सहज लागते, म्हणून सगळं रेकॉर्डिंग बारीक उतरवायच्या फंदात पडू नका. आधी ढोबळ उतरवा, मग कामाचा तुकडा निवडा. संमती घेताना चेहरे दिसणार आहेत हे स्पष्ट सांगा, कारण नाव बदलून चेहरा लपत नाही. आणि दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावा, नाहीतर एकमेकांवर चढलेल्या बोलण्यातला हळू हुंकार कुणाचा, यावर वाद घालत बसाल.